एनसीसीच्या मुलींची वर्दी मापात कशी आणावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनसीसीची भरती आटोपते, पोरींच्या हातात वर्दीचं गाठोडं पडतं आणि पंधरा ऑगस्ट तोंडावर आलेला असतो. त्या दिवसांत कॅडेट, त्यांच्या आया, एएनओ मॅडम (म्हणजे शाळा-कॉलेजात एनसीसी सांभाळणाऱ्या शिक्षिका) आणि कधीकधी टेलरही जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं मुख्यतः आर्मी विंगच्या खाकी वर्दीची आहेत. नेव्हल किंवा एअर विंगचं काही वेगळं असेल तिथे तसं म्हटलं आहे. मापं इंचात आणि सुतात दिली आहेत, कारण टेलर त्यातच बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच.

१. वर्दी ऑल्टर केलेली चालते का? सर रागावणार नाहीत ना?

चालते. टर्नआउट, म्हणजे वर्दीचा नीटनेटकेपणा, तपासताना ढगळ वर्दीचेच गुण जातात, मापात बसलेलीचे नाहीत. पण वर्दीचं रूप बदलायचं नाही. कॉलर, खिसे, खिशांच्या झडपा, खांद्यावरचे फ्लॅप, बटणपट्टी, पट्ट्याचे लूप हे सगळं आहे तिथे आणि आहे तसंच राहिलं पाहिजे. मापात आणणं आणि फॅशन करणं यात फरक आहे, आणि परेड घेणाऱ्या उस्तादांना तो लांबूनही दिसतो.

वर्दी कोणाची हेही आधी बघा. युनिटने दिलेली असेल तर ती सरकारी मालमत्ता आहे, परत करायची आहे. तिचं कापड कात्रीने कापायचंच नाही. अलीकडे बऱ्याच ठिकाणी गणवेशाची रक्कम कॅडेटच्या बँक खात्यात येते आणि वर्दी आपण घेतो किंवा शिवून घेतो. ती तुमची. तरीसुद्धा कापू नका. कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

२. कंबरेला बसणारी पँट मांड्यांत अडकते आणि मांड्यांना बसणारी कंबरेला ढगळ होते. माझंच शरीर विचित्र आहे का?

नाही, पँट पुरुषांच्या कटची आहे. एनसीसी १९४८ सालची आणि मुलींचा विभाग १९४९ सालचा, म्हणजे मुली काही काल-परवा आलेल्या नाहीत. पण दुकानात टांगलेली तयार खाकी पँट अजून बहुतेक वेळा पुरुषी साच्यावरच कापलेली असते. पुरुषांच्या मापात कंबर आणि सीट यांत साधारण सहा इंचांचा फरक धरतात. मुलींमध्ये तो सहज आठ-दहा इंच असतो. उरलेले दोन-चार इंच तुम्हाला कंबरेला झोळ म्हणून दिसतात, नाहीतर मांडीला ताण म्हणून.

म्हणून दुकानात कंबरेचा नंबर सांगूच नका. सीटला जी पँट बसते ती घ्या, कंबर नंतर आत घेता येते (प्रश्न ५). उलटं करता येत नाही: मांडीला कापड मुळातच कमी असेल तर कुठलाही टेलर ते पैदा करू शकत नाही. शर्टाचंही तसंच. छाती आणि खांदा बघून घ्या, कंबरेचा घेर मागाहून कमी होतो.

३. मापं कशी घ्यायची? टेलरकाकांकडे जायला अवघडतं.

मग जाऊ नका. घरी आई, ताई किंवा शाळेत मॅडम मापं घेऊ शकतात. कागदावर लिहून ते आकडे टेलरला द्यायचे, इतकं सोपं आहे. ज्या युनिटमध्ये जीसीआय, म्हणजे मुलींच्या प्रशिक्षिका असतात, तिथे त्यांनाच सांगावं. टेलर कितीही सज्जन असला तरी मुलीला नको वाटत असेल तर तिथे वाद घालायचं कारण नाही.

लागणारी मापं अशी: शर्टासाठी छाती, कंबर, सीट, खांदा (तीरा), बाहीची लांबी, मुंढा (बाही जोडतात तिथला घेर). पँटसाठी कंबर, सीट, मांडी, आसन (दोन पायांच्या मधली जागा), लांबी, मोहरी (पायाच्या खालच्या टोकाचा घेर). वर्दीच्या आत जे घालणार तेच घालून माप घ्यायचं, जाड सलवार-कुर्त्यावरून नाही. टेप अंगाला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. सीटचं माप पाय जुळवून, सर्वांत भरलेल्या जागी.

अंगमापावर सैलपणा वेगळा धरावा लागतो: छातीला तीन ते चार इंच, सीटला दोन ते तीन. हे टेलरला स्पष्ट सांगा. नाहीतर तो ब्लाउज शिवल्यासारखा अंगाबरोबर शर्ट करून देईल आणि हात वर केला की मुंढ्यातून टरकन आवाज येईल.

४. फिटिंग धुण्याआधी करावं की धुतल्यावर?

धुतल्यावर. टेरिकॉट फारसं आटत नाही, सुती कापड आटतं, आणि नेव्हल विंगची पांढरी वर्दी सुती असेल तर हे विसरूच नका. नव्या कापडाला खळही असते. ती निघाली की कापड अंगावर पडतं कसं ते कळतं, तोवर सगळंच ताठ आणि रुंद दिसतं. एकदा साध्या पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच टाचण्या लावा.

५. पँटची कंबर किती कमी करता येते?

मागच्या मधल्या शिवणीतून आरामात दीड-दोन इंच. तिथलं काम असं होतं: कंबरपट्टी मागे उसवायची, कंबरेपासून खाली सीटच्या भरलेल्या भागापर्यंत नवी टीप निमुळती नेऊन जुन्या शिवणीत मिळवायची, पट्टी परत बसवायची. टीप अर्धा इंच आत गेली की कंबर एक इंच कमी होते, कारण दोन्हीकडचं कापड आत जातं. हा हिशेब आई आणि टेलर यांच्यात नेहमी चुकतो. ‘दोन इंच घ्या’ असं सांगताना एकूण दोन की टीप दोन इंच आत, ते बोला.

दोन इंचांच्या पुढे गेलात तर मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला येतात, बाजूचे खिसे मागे सरकतात आणि मागचे लूप दाटीवाटीने बसतात. मग दुसरा उपाय: मागे कंबरपट्टीखाली दोन्ही बाजूंना एकेक छोटा टक (कापड चिमटून घातलेली निमुळती शिवण) घ्यायचा, आणि बाकीचं मधल्या शिवणीतून. असं वाटून घेतलं की तीन इंचांपर्यंत काम निभावतं. चार इंच किंवा जास्त फरक असेल तर ऑल्टरवर पैसे घालवू नका. दुसरा नंबर बघा किंवा शिवून घ्या.

तिसरा उपाय इलॅस्टिकचा. कंबरपट्टीच्या आत, दोन्ही कुशींवर चारेक इंचांचे तुकडे घातले तर पट्ट्याखाली काही दिसत नाही, आणि वाढत्या वयाच्या मुलींना वर्षभर पुरतं. टेलर लोक याला नाकं मुरडतात. मला मात्र ज्युनिअर विंगच्या, आठवी-नववीतल्या मुलींसाठी हाच उपाय सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

६. पाय फार रुंद आहेत. स्किनी करून घेऊ का?

स्किनी नाही. थोडे कमी करा. वर्दीच्या पँटची सगळी शान पुढच्या-मागच्या क्रीजमध्ये असते. ती क्रीज पायाच्या बरोबर मधून जाते, कारण दोन्ही बाजूंच्या शिवणी तिच्यापासून सारख्या अंतरावर असतात. टेलर घाईत फक्त बाहेरच्या किंवा फक्त आतल्या शिवणीतून घेतो, आणि मग क्रीज बुटाच्या आतल्या नाहीतर बाहेरच्या बाजूला फिरते. इस्त्री कितीही मारा, पाय पिळलेलाच दिसतो. म्हणून दोन्ही शिवणींतून सारखंच घ्या: बाहेरून तीन सूत तर आतूनही तीन सूत. गुडघ्यापासून खाली मोहरीपर्यंत घेतलं तर बहुतेकींना पुरतं. मांडीला हात लावायचा असेल तर आधी प्रश्न १० मधली परीक्षा घ्या.

७. पँटची लांबी कुठपर्यंत ठेवायची?

बूट घालून, सावधानमध्ये उभं राहून ठरवा. चप्पल घालून ठरवलेली लांबी नेहमी चुकते. मोहरी पुढे बुटावर हलकी टेकावी आणि मागे अर्धा इंच खाली असावी, म्हणजे तिरकी. दुमडलेलं कापड आत दोन-तीन इंच राहू द्या, उंची वाढली की सोडता येतं. मोहरीला मशीनची टीप नको, हाताने तुरपाई करा. बाहेर टाके दिसत नाहीत आणि उसवताना भोकंही पडत नाहीत.

आसन खाली लोंबत असेल तर ते लांबी कमी करून सुटत नाही. कंबरपट्टी काढून वरचं कापड कापावं लागतं, खिसे हलतात. अशी पँट बदलून घ्या.

८. शर्टाची बटणं लावली की छातीवर मधे फट पडते. पिन लावू?

पिन परेडमध्ये उघडते, टोचते आणि उन्हात चकाकते. दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मधे आतून एक टिचबटण शिवा. टाका फक्त आतल्या थरात धरायचा, वरच्या पट्टीवर काही दिसता कामा नये. दहा मिनिटांचं काम आहे आणि मुलींचा अर्धा संकोच तिथेच संपतो.

बटणं बाहेरच्या बाजूला सरकवून फट घालवू नका. बटणपट्टी मधोमध राहत नाही, आणि कॉलरपासून पट्ट्याच्या बकलापर्यंतची सरळ रेघ बिघडते. टिचबटण लावूनही कापड ताणलेलं दिसत असेल तर शर्टच लहान आहे. एक नंबर मोठा घ्या आणि कंबरेला आत घ्या, ते पुढच्या प्रश्नात.

९. शर्ट पोत्यासारखा दिसतो. दोन्ही बाजूंनी किती घेता येईल?

दोन्ही कुशींच्या शिवणी अर्धा-अर्धा इंच आत घेतल्या की घेर दोन इंच कमी होतो. बहुतेक वेळा एवढंच लागतं. मुंढ्याखालचे दोन इंच जसेच्या तसे सोडा आणि तिथून खाली निमुळतं घ्या, म्हणजे हात उचलताना ओढ बसत नाही.

मर्यादा खिशांची आहे. छातीवरच्या खिशाची बाहेरची कड आणि कुशीची शिवण यांच्यात दीड इंच तरी राहिला पाहिजे. नाहीतर खिसा काखेत गेल्यासारखा दिसतो आणि नेमप्लेट तिरपी बसते. त्याहून जास्त कमी करायचं असेल तर पाठीला दोन उभे टक घेता येतात. ते घेण्याआधी तुमच्या एएनओंना विचारा, सगळीकडे एकसारखं चालतं असं नाही. पुढच्या बाजूला टक घेऊ नका, खिसे वाकतात.

शर्ट लांबीला कमी करण्याच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. लांब शेपूट पँटमध्ये खोचलेली राहते, आखूड शर्ट दर सलामीला बाहेर येतो.

१०. फिटिंग बरोबर झालं हे कसं ओळखायचं? आरशात तर छान दिसतं.

आरशात सगळं छानच दिसतं, कारण आरशापुढे कोणी कदमताल, म्हणजे जागच्या जागी पाय उचलून चालणं, करत नाही. टेलरकडून वर्दी घ्यायच्या आधी, शक्य असेल तर कच्च्या टाक्यावर असतानाच, पुढची हालचाल करून बघा.

सावधानमध्ये उभ्या राहा. मुठी पँटच्या शिवणीला लागल्या पाहिजेत आणि कोपर मोकळं असलं पाहिजे. मग सॅल्यूट. शर्ट पट्ट्यातून वर ओढला गेला तर मुंढा खाली उतरलेला आहे किंवा कुशी फार आवळल्या आहेत. ‘तेज चल’वर हात खांद्याच्या उंचीपर्यंत जातो, तेव्हा पाठीवर आडवा ताण दिसतो का ते मैत्रिणीला बघायला सांगा. कदमतालमध्ये मांडी जमिनीला समांतर येईपर्यंत गुडघा वर जायला हवा. इथेच सर्वांत जास्त पँटी फाटतात, आसनाच्या शिवणीत, आणि नेमक्या परेडच्या दिवशी. ती शिवण कुठल्याही परिस्थितीत दुहेरी टिपेची करून घ्या.

शेवटी जमिनीवर पालथ्या पडा, पॉइंट टू-टू रायफल धरल्यासारखी कोपरं पुढे टेका. फायरिंगची ही पोझिशन पाठीचा आणि बाहीचा खरा हिशेब मांडते. यात काही अडलं नाही तर वर्दी तुमची झाली. ताण आला तर कुठे आला ते खडूने खूण करून टेलरला दाखवा. नुसतं ‘थोडं टाइट होतंय’ म्हटलं की तो भलतीच शिवण सोडतो.

११. खांदा रुंद आहे, फ्लॅप दंडावर येतो. काय करू?

अर्ध्या इंचापर्यंत असेल तर सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर बाही उसवून, खांदा कापून, मुंढा परत जुळवून, फ्लॅप नव्याने बसवावा लागतो. यात कापड कापलं जातं, खर्च नव्या शर्टाच्या जवळ जातो आणि दहातले दोन टेलर ते नीट करतात. वर्दी अजून वापरली नसेल तर बदलून घ्या.

१२. पाळीच्या दिवसांत घट्ट पँट आणि पांढरी वर्दी यांची भीती वाटते. शिलाईत काही करता येईल का?

येतं, आणि हे विचारायला लाजू नका. सीटला अंगाबरोबर फिटिंग कधीच करू नका. पॅड आणि आत घातलेली सायकलिंग शॉर्ट यांना जागा राहील इतका सैलपणा हवा, म्हणजे प्रश्न ३ मधल्या दोन-तीन इंचांपैकी तीन धरा. पोट फुगतं त्या दिवसांसाठी प्रश्न ५ मधलं इलॅस्टिक वरदान आहे.

नेव्हल विंगच्या मुलींनी आतले कपडे पांढरे नकोत, त्वचेच्या रंगाचे घ्यावेत. पांढऱ्याखाली पांढरंच जास्त उठून दिसतं, हे एकदा घालून बघितलं की पटतं. पांढऱ्या पँटला सीटच्या भागात पातळ सुती अस्तर लावून घेता येतं. बाहेरून दिसत नाही आणि पारदर्शकपणा जातो. शिवणीची जादा माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं कापड, मात्र पांढऱ्यातून सावलीसारखी दिसते, म्हणून तिथे दोन्ही बाजूंना उघडून इस्त्री करा, एकाच बाजूला दुमडू नका.

१३. अंबाडा घातला की बेरे बसत नाही, केस मोकळे असताना डोळ्यांवर येते.

बेरेचं माप अंबाडा बांधूनच घ्यायचं. अंबाडा मानेलगत, खाली, जाळीत बसवा. डोक्याच्या मधोमध घातलात तर कुठलीच टोपी बसणार नाही. बेरेच्या पट्टीत मागे दोरी असते. ती ओढून घट्ट करायची, गाठ मारून टोकं आत खोचायची. पट्टी कपाळावर आडवी सरळ आणि बॅज डाव्या डोळ्याच्या वर. नवी बेरे कोमट पाण्यात भिजवून, पिळून, डोक्यावर घालून उजवीकडे दाबून बसवा आणि तशीच वाळू द्या. गरम पाणी नको, लोकर आटते.

१४. कॅम्पला गेल्यावर शिवण उसवली तर?

दहा दिवसांच्या कॅम्पला टेलर मिळेलच असं धरून चालू नका. सामानात खाकी दोऱ्याची रीळ, दोन सुया, चार जादा बटणं, दोन टिचबटणं, छोटी कात्री आणि चार सेफ्टी पिना असू द्या. धावदोऱ्याने शिवलेली आसनाची शिवण पहिल्या कदमतालला सुटते, तिथे बखियाच घाला: एक टाका पुढे, अर्धा मागे. पाच बोटं शिवण दहा मिनिटांत होते. पिन लावायचीच वेळ आली तर आतून, आडवी, आणि पट्ट्याखाली येईल अशी.

मोहरी सुटली तर चिकटपट्टी लावून वेळ मारून नेता येते, पण त्यावर इस्त्री फिरवू नका. चिकट डाग खाकीवरून निघत नाही.

१५. वर्दी आता घट्ट व्हायला लागली आहे. सोडता येईल का?

आत माया शिल्लक असेल तर. म्हणूनच पहिल्या प्रश्नात कापू नका म्हटलं. वाढत्या अंगाला एक इंच कधी लागेल सांगता येत नाही, आणि कापलेली माया परत येत नाही. बऱ्याच टेलरांना आतलं जादा कापड छाटून इंटरलॉक मारायची सवय असते, काम स्वच्छ दिसतं म्हणून. त्यांना वर्दी देतानाच ‘माया कापू नका, कडेलाच इंटरलॉक मारा’ असं बजावा, आणि पावतीवर लिहून घ्या.

सोडल्यावर जुन्या शिवणीची रेघ दिसते, कारण आतलं कापड गडद राहिलेलं असतं. ओलं फडकं ठेवून वाफेची इस्त्री केली की भोकं बुजतात, रंगाचा फरक मात्र दोन-चार धुण्यांत हळूहळू मावळतो. खाकी टेरिकॉटवर कोरडी, कडक इस्त्री सरळ फिरवली तर चकाकी येते ती जात नाही, म्हणून मधे फडकं हवंच.

१६. मी एएनओ आहे. पन्नास मुलींच्या वर्द्या एकदम आल्या आणि निम्म्या बसत नाहीत. कुठून सुरुवात करू?

टेलरला बोलावण्याआधी अदलाबदल करा. एक वर्ग बंद करा, आत फक्त मुली आणि मॅडम. सगळ्यांना मिळालेली वर्दी घालून बघू द्या आणि आपापसात बदलू द्या. नंबर ज्याने वाटले त्याने बहुधा पटावरच्या उंचीवरून वाटलेले असतात, त्यामुळे एकीची ढगळ पँट दुसरीला नेमकी बसते. यातच बरीच गर्दी ओसरते.

उरलेल्यांची यादी करा: नाव, काय अडतं, किती इंच. प्रत्येक कपड्याच्या आत कापडी पट्टीवर पेनने नाव लिहून टाका, नाहीतर टेलरकडून परत येताना पन्नास खाकी पँटींचा ढीग येईल आणि परेडच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही तो वाटत बसाल. टेलरला आधी एकच नमुना करायला द्या, त्यावर प्रश्न १० मधली परीक्षा घ्या, मग बाकीचं काम सोपवा.

१७. मुलगी सैनिकी शाळेत किंवा एनडीएत आहे. हेच लागू पडेल का?

शिवणकाम तेच, पण नियम त्यांचे. सैनिकी शाळांनी २०२१-२२ पासून मुलींना प्रवेश खुला केला, खडकवासल्याच्या एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये बाहेर पडली. अशा निवासी संस्थांत वर्दीची मापं आणि दुरुस्ती सहसा संस्थेच्या व्यवस्थेतूनच होते. सुट्टीत घरी आली म्हणून गल्लीतल्या टेलरकडे वर्दी टाकू नका.

१८. टेलरने युनिटच्या पँटची माया कापूनच टाकली. आता परत करताना काय सांगू?

लपवू नका. परत करायच्या दिवशी नाही, आत्ताच एएनओंना दाखवा. पँट वापरण्याजोगी असेल तर ती तुमच्याच मापाच्या दुसऱ्या मुलीला देता येते, आणि लहान चणीच्या मुली दरवर्षी असतातच. बदली पँट द्यावी लागली तर ती त्याच कापडाची, त्याच छटेची घ्या. खाकीत छटा पुष्कळ असतात, म्हणून दुकानात जुनी पँट बरोबर न्या आणि कापड दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही, दाराबाहेर उजेडात जुळवा.

१९. मोठ्या ताईची जुनी वर्दी मिळाली आहे. ऑल्टर करून घालू का, की नवीच घ्यावी?

कापड आसनाला आणि काखेत उजेडाकडे धरून बघा. जाळी पडली असेल तर शिलाई घालवू नका, पहिल्याच कदमतालला फाटेल. जाळी नसेल तर बिनधास्त घ्या. आधी ताईची सगळी ऑल्टर उसवा, पँट मूळ रूपात आणा, धुवा, आणि मग स्वतःच्या मापाने नव्याने टाचण्या लावा. ऑल्टरवर ऑल्टर केली तर दोन शिवणी एकमेकींना ओढतात आणि क्रीज कधीच सरळ बसत नाही. खांद्यावरचं टायटल, हुद्द्याची फीत, नेमप्लेट ही ताईची काढून ठेवा. तिची फीत सार्जंटची असेल आणि तुम्ही कालच भरती झाला असाल, तर पहिल्याच फॉलइनला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागेल.